कुंपणाआतली शाळा: हार्ट माउंटन हायस्कूलचे क्लब, १९४२ ते १९४५

युद्ध सुरू झालं की शाळेतला नाटकाचा गट, वार्षिकांकाचं संपादक मंडळ, फुटबॉलचा संघ हे सगळं चैनीचं वाटायला लागतं. कुणीतरी म्हणतंच, तिकडे पोरं मरताहेत आणि तुम्ही इथे नाच कसले बसवताय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने यावर सोपा तोडगा काढला. क्लब बंद करायचे नाहीत, त्यांना युद्धाच्या कामाला जुंपायचं. १९४२ च्या सुरुवातीला नौदलाने देशभरच्या हायस्कुलांकडून ५ लाख मॉडेल विमानं मागितली. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची, काळ्या रंगात रंगवलेली. असं मॉडेल ३५ फुटांवर धरलं की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, आणि आपलं विमान कुठलं, शत्रूचं कुठलं हे सैनिकांना त्यावरून शिकवता येतं. पोरांनी कार्यशाळेत लाकूड तासून ती विमानं केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय शिक्षण कार्यालयाने ‘हायस्कूल व्हिक्टरी कोअर’ काढलं. हवाई, भूदल, सागरी, उत्पादन आणि समाजसेवा असे त्याचे पाच विभाग. सदस्य व्हायचं तर शारीरिक तयारीचा कार्यक्रम करायचा, युद्धोपयोगी एखादा विषय घ्यायचा आणि शाळेबाहेरचं एखादं युद्धकार्य अंगावर घ्यायचं.

ही योजना जाहीर झाली त्याच सुमाराला वायोमिंग राज्यात एक नवं हायस्कूल उघडत होतं. तिथल्या विद्यार्थ्यांना याच सरकारने घरातून उचलून काटेरी तारेच्या आत आणून ठेवलं होतं. या शाळेतही क्लब निघाले, निवडणुका झाल्या, वार्षिकांक छापला गेला, फुटबॉलचा संघ उभा राहिला. युद्धकाळात शाळेतल्या उपक्रमांकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे तपासायला मला याहून नेमकं प्रकरण दिसत नाही.

शाळा कशी होती

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना हलवून बंदिस्त करण्यात आलं. त्यांतले जवळपास दोनतृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक होते. आरोप नाही, खटला नाही. दहा कायमच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक वायोमिंगमध्ये कोडी आणि पॉवेल या गावांच्या मध्ये, हार्ट माउंटन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी. ऑगस्ट १९४२ मध्ये पहिली गाडी तिथे पोचली. गर्दी सर्वाधिक होती तेव्हा छावणीची वस्ती १०,७६७ होती. लोकसंख्येच्या हिशेबाने ते राज्यातलं तिसरं मोठं गाव ठरलं असतं.

मुलं आली होती लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्नियाची सांता क्लारा परगण्यातली शेती आणि वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून. मधले काही महिने त्यांतल्या अनेकांनी सांता अनिताच्या रेसकोर्सवर किंवा पोमोनाच्या जत्रा-मैदानावर काढले होते. रेसकोर्सवर तर काही कुटुंबांच्या वाट्याला घोड्यांचे तबेलेच आले. शहरात वाढलेली पोरं आणि शेतावर वाढलेली पोरं एकमेकांना ओळखत नव्हती. बाहेरच्यांच्या डोळ्यांत मात्र सगळे सारखेच, ‘जपानी’.

शाळा ऑक्टोबरमध्ये सुरू झाली ती बराकींमध्ये. भिंतींवर डांबरी कागद, खोलीत कोळशाची शेगडी, बसायला बाकडी. शेगडीजवळचा घामाने भिजायचा आणि दाराजवळचा कुडकुडायचा. बाहेरून आलेल्या गोऱ्या शिक्षकांना नेहमीचा पगार होता. छावणीतून नेमलेल्या शिक्षकांना महिन्याला जास्तीत जास्त १९ डॉलर. काम तेच. छावण्यांमधला सर्वांत वरचा दरच तेवढा होता, डॉक्टरांनासुद्धा. व्यायामशाळा आणि ग्रंथालय असलेली खरी इमारत उभी राहिली मे १९४३ मध्ये. आठवी ते बारावीची सुमारे दीड हजार मुलं तिथे बसू शकत.

अभ्यासक्रमाचा भर लोकशाही आणि नागरिकत्वावर होता. रोज झेंड्याला वंदन करून ‘सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय’ ही प्रतिज्ञा म्हणायची आणि खिडकीतून पहाऱ्याचा मनोरा बघायचा. यावर वेगळं भाष्य करायची गरज मुलांनाही पडली नसावी. पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९४२ मध्ये, छावणीच्या हद्दीबाहेरच्या उतारावर घसरगाडी खेळणाऱ्या ३२ मुलांना लष्करी पोलिसांनी पकडलं. कुंपणाविरुद्ध त्याआधीच हजारो प्रौढांनी सह्यांचा अर्ज दिला होता. नागरिकशास्त्राच्या तासाला एवढं उदाहरण पुरेसं होतं.

क्लब कुणाला हवे होते

सगळ्यांनाच हवे होते, पण प्रत्येकाची कारणं वेगळी होती, आणि प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

छावण्यांचा कारभार ‘वॉर रिलोकेशन ऑथॉरिटी’ या नागरी खात्याकडे होता. खात्याला दोन गोष्टींची धास्ती होती. एक, रिकामी बसलेली तरुण पोरं. दुसरी, बाहेर होणारी टीका. मुलं बॅटन फिरवताहेत, मुली विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीला उभ्या आहेत, स्काउट झेंडा घेऊन चालले आहेत, ही चित्रं दोन्हींवर उतारा होती. ही मुलं पक्की अमेरिकन आहेत हे देशाला दाखवायचं होतं, म्हणजे पुढे त्यांना शिकागो किंवा डेन्व्हरमध्ये नोकऱ्या आणि घरं मिळणं सोपं जाईल. हेतू अगदी वाईट होता असं मी म्हणणार नाही. खात्यातल्या बऱ्याच लोकांना बंदिवास चुकीचा वाटत होता. पण क्लबवर त्यामुळे एक ओझं आलं. देशातल्या बाकी शाळांत क्लबने विमानं करून, भंगार गोळा करून, बचतीचे स्टॅम्प विकून युद्धाला मदत करायची होती. इथे क्लबने स्वतःच्या सदस्यांची निष्ठा सिद्ध करायची होती. आधीच नागरिक असलेल्या पोरांनी!

आईबापांची गोष्ट अवघड होती. छावणीत घरोघरी स्वयंपाकघर नव्हतं. जेवण सामुदायिक मेसमध्ये, लांबच लांब टेबलांवर. पोरं मित्रांच्या घोळक्यात जेवायला बसू लागली आणि घरचं एकत्र जेवण संपलं. एका खोलीत पूर्ण कुटुंब. शेत, दुकान, बोट सगळं गेल्यामुळे बापाचा शब्दही पूर्वीसारखा चालेना. छावण्यांतल्या या मोडतोडीची नोंद तेव्हाच्या समाजशास्त्रज्ञांनीही केली आहे. अशात संध्याकाळी क्लबची मीटिंग, शनिवारी नाच, रविवारी सराव. पोरगं खोलीत टिकणार कधी? म्हणजे क्लबने पोरांना सांभाळलं हे खरं, आणि घरापासून आणखी लांब नेलं हेही खरं. पुष्कळ पालकांना खेळ-नाच सोडाच, प्रकल्प-पद्धतीचं शिक्षणही नको होतं. त्यांना नेहमीचे विषय हवे होते, पुढे कॉलेजात जाता यावं म्हणून. त्यांची काळजी रास्त होती. छावणीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग कॉलेजातूनच जात होता. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एका परिषदेने युद्धकाळात सुमारे ४ हजार जपानी-अमेरिकन विद्यार्थ्यांना किनाऱ्यापासून दूरच्या कॉलेजांत जागा मिळवून दिल्या.

आणि मुलं? त्यांना हायस्कूल हवं होतं. सोळाव्या वर्षी जे हवं असतं ते सगळं: कुणीतरी निवडून यावं, कुणीतरी पडावं, वार्षिकांकात आपला फोटो असावा, नाचाला कुणाला विचारायचं यावर आठवडाभर जीव वरखाली व्हावा. या शाळेच्या वार्षिकांकाचं नाव होतं ‘टेम्पो’. छावणीत जॉर्ज इगावा यांचा वाद्यवृंद होता, स्विंग संगीत वाजवणारा. त्यात गाणाऱ्यांपैकी एक मुलगी हायस्कूलमध्येच शिकत होती. हा वृंद आसपासच्या गावांतल्या नाचांनाही वाजवायला जायचा. म्हणजे ज्या गावांना हे लोक शेजारी नको होते, त्यांना त्यांचं संगीत चालत होतं.

ईगल्स

प्रकरणातला सर्वांत बोलका भाग फुटबॉलचा. अर्थात अमेरिकन फुटबॉल, अंगाला अंग भिडवून खेळायचा.

१९४३ च्या शरदात हार्ट माउंटन हायस्कूलच्या संघाने, ईगल्सने, पहिला हंगाम खेळला. समोर आसपासच्या शाळांचे गोरे संघ. ही पोरं बहुतेक अंगाने लहान, म्हणून वेग आणि चलाखीवर भिस्त. हंगाम संपला तेव्हा ईगल्स एकही सामना हरले नव्हते.

सामन्याच्या दिवसाची रचना बघा. पाहुणा संघ पहारेकऱ्यांसमोरून फाटकातून आत येणार. मैदानाभोवती छावणी लोटलेली. शिट्टी वाजली की दोन्हीकडे अकरा-अकरा, तेच नियम, तेच दंड, तेच गुण. घरातून निघाल्यापासून या पोरांना एवढा समान नियम पहिल्यांदाच मिळत होता. शेवटची शिट्टी झाली की हरलेला संघ त्याच फाटकातून घरी जाणार आणि जिंकलेला संघ आतच राहणार.

प्रशासनाने संघाला परवानगी दिली ती मनोबल आणि शेजारसंबंध या खात्यात. पोरं जिंकायला खेळत होती. मला वाटतं, संघ इतका घट्ट उभा राहिला त्यामागे हेच होतं. देशभक्ती, नागरिकत्व, आदर्श वागणूक यांतलं काहीही चेंडू पकडताना उपयोगी पडत नाही. गुणफलक कुणाच्या निष्ठेबद्दल बोलत नाही. याउलट प्रतिज्ञा, संचलनं, झेंडे यांत सहभागी होणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी वरून कुणीतरी पाहत असल्याचं भान ठेवावं लागे. खेळातही प्रेक्षक होते, पण ते घरचे होते.

संघातल्या बेब नोमुरा या खेळाडूने युद्धानंतर सॅन होजे स्टेटकडूनही मैदान गाजवलं. गुणवत्ता होतीच, छावणीने ती घडवली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘संकटाने माणसं घडली’ असा सूर अशा कथांमध्ये फार लवकर लागतो.

स्काउट, आणि एक गोड कथा

छावणीत स्काउटची पथकं बरीच होती आणि उत्साही होती. बिल मानबो या बंदिवानाने छावणीत काढलेले रंगीत फोटो आज उपलब्ध आहेत. सुरुवातीला जपानी वंशाच्या लोकांकडचे कॅमेरे जप्त होते. पुढे नियम सैल झाले. मानबो यांच्या फोटोंत गणवेशातले स्काउट अमेरिकेचा झेंडा घेऊन मिरवणुकीत चालताना दिसतात, आणि मागे डांबरी कागदाच्या बराकी. रंगीत असल्यामुळे ते कालचेच वाटतात.

कोडी गावच्या पथकाला त्याच्या प्रमुखाने छावणीतल्या मेळाव्याला नेलं. तेव्हा असं करायला फारसं कुणी तयार नव्हतं. तिथे अॅलन सिम्प्सन आणि नॉर्मन मिनेटा हे दोन मुलगे एका तंबूत राहिले. पाऊस आला तेव्हा तंबूभोवती चर खणून दोघांनी पाणी अशा दिशेला वळवलं की ते खालच्या तंबूतल्या एका दांडगट पोराच्या अंगावर जावं. पुढे मिनेटा कॅलिफोर्नियातून काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहावर आणि सिम्प्सन वायोमिंगमधून सिनेटवर निवडून आले. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली आणि १९८८ च्या नागरी स्वातंत्र्य कायद्याला दोघांनी आपापल्या सभागृहात बळ दिलं. त्या कायद्याने सरकारने बंदिवानांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

कथा खरी आहे आणि मला आवडते. पण युद्धकाळातल्या उपक्रमांचा पुरावा म्हणून ती फार ताणली जाते. तेव्हा दोघे बारा वर्षांच्या आसपासचे होते. बारा वर्षांच्या मुलापुढे प्रश्नावली येत नव्हती, भरतीचं पत्र येत नव्हतं. हायस्कूलच्या वरच्या वर्गांची गोष्ट निराळी होती.

सतरा पूर्ण

फेब्रुवारी १९४३ मध्ये छावण्यांतल्या सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला निष्ठेची प्रश्नावली भरावी लागली. सत्ताविसावा प्रश्न तरुणांना विचारत होता: हुकूम मिळेल तिथे अमेरिकेच्या सैन्यात लढायला तयार आहात का? अठ्ठाविसावा प्रश्न: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा ठेवून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का? जी कधी नव्हतीच ती सोडायची कशी, हा मुलांचा पेच. आईबापांचा पेच वेगळा: कायद्याने त्यांना अमेरिकन नागरिक होता येत नव्हतं, त्यामुळे ‘हो’ म्हटलं तर ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. त्यांच्यासाठी प्रश्नाचे शब्द नंतर बदलावे लागले.

शाळेच्या दृष्टीने बघितलं तर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर क्लब चालतात तेच, या वयात बसत होते. दुपारी प्रश्नावली, संध्याकाळी वार्षिकांकाची बैठक. ‘अमेरिकन असणं’ हा क्लबातला उत्साहाचा विषय होता. आता तो सहीनिशी द्यायचा जबाब झाला.

२० जानेवारी १९४४ रोजी युद्धखात्याने जाहीर केलं की जपानी-अमेरिकन तरुणांनाही आता सक्तीच्या भरतीत घेतलं जाईल. म्हणजे अठरा पूर्ण झाले की कुंपणातून थेट सैन्यात, आणि आईबाप कुंपणातच. हार्ट माउंटनमध्ये बंदिवानांच्याच ‘फेअर प्ले कमिटी’ने यावर सरळ भूमिका घेतली: आधी नागरिक म्हणून आमचे हक्क परत करा, मग बोलवा. जूनमध्ये भरतीला नकार देणाऱ्या ६३ तरुणांवर शायेन इथे एकत्र खटला चालला, सगळे दोषी ठरले आणि प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरीकडे याच छावणीतून शेकडो तरुण सैन्यात गेले; या छावणीशी नातं असलेल्या जो हायाशी आणि जेम्स ओकुबो या सैनिकांना पुढे मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. ईगल्सचा दुसरा हंगाम सुरू झाला तोवर खेळाडूंपुढेही हाच प्रश्न उभा होता. छावणीचं वृत्तपत्र ‘हार्ट माउंटन सेंटिनल’ नकार देणाऱ्यांच्या विरोधात लिहीत होतं.

मूल्यमापन

बाहेरून झालेली टीका आधी निकालात काढू. १९४३ मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’ने आणि वायोमिंगचे सिनेटर रॉबर्टसन यांनी हार्ट माउंटनमध्ये बंदिवानांचे लाड चालल्याचा गाजावाजा केला. अन्नाचे साठे, सोयीसुविधा वगैरे. ज्यांचं घरदार गेलं त्यांच्या पोरांना व्यायामशाळा मिळाली हा लाड असेल, तर शब्दांना काही अर्थ उरला नाही. पण या टीकेचा एक परिणाम झाला: प्रत्येक उपक्रम समर्थनाच्या भाषेत मांडणं प्रशासनाला भाग पडलं. नाच असो की नाटक, त्यातून नागरिकत्व घडतं असं लिहून द्यायचं.

आतली अडचण वेगळी होती आणि ती कुठल्याही युद्धकालीन शाळेत येते. क्लब चालतात ते वरच्या वर्गातल्या चार-सहा मुलांवर. इथे ती मुलं सतत गळत होती: कुणाचं कुटुंब परवाना मिळवून शिकागोला गेलं, कुणाला कॉलेजात जागा मिळाली, कुणाला भरतीचं पत्र आलं. सप्टेंबरला निवडलेला अध्यक्ष मार्चपर्यंत असेल याची खात्री नाही. शिवाय खात्याचं धोरणच लोकांनी छावणी सोडून बाहेर स्थिरावावं असं होतं. म्हणजे शाळा जितकी यशस्वी, तितकी लवकर तिची बाकं रिकामी. अशा ठिकाणी पदांची उतरंड असलेला क्लब टिकत नाही. ज्यात कामाला लगेच सुरुवात करता येते तो टिकतो. संघ, वाद्यवृंद, अंक. मॉडेल विमानांच्या मोहिमेलाही बाकीच्या देशात प्रतिसाद मिळाला तो बहुधा याच कारणाने. हातात ठोकळा, समोर आराखडा, दुसऱ्या दिवशी काहीतरी झालेलं. व्हिक्टरी कोअर मात्र टोप्या, विभाग आणि सदस्यत्वाच्या अटी घेऊन आलं आणि १९४४ मध्ये गुंडाळलंही गेलं.

माझा निष्कर्ष असा. हार्ट माउंटनच्या क्लबांनी मुलांना जे दिलं ते खोटं नव्हतं. त्या वयातली दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत आणि ती त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. पण क्लबना निष्ठेचं प्रमाणपत्र बनवण्याचा जो प्रयत्न झाला तो फसला, कारण प्रमाणपत्र मागणाऱ्यालाच ते नको होतं. स्काउटचे गणवेश, शाळेतली निवडणूक, न हरलेला हंगाम हे सगळं डोळ्यांसमोर असूनही फाटक उघडलं गेलं नाही. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी उठल्याचं जाहीर झालं ते डिसेंबर १९४४ मध्ये, सर्वोच्च न्यायालय बंदिवासाला आव्हान देणाऱ्या मित्सुये एन्डो यांच्या खटल्यात सरकारविरुद्ध निकाल देणार हे दिसल्यावर.

शाळेची शेवटची तुकडी १९४५ च्या उन्हाळ्यात बाहेर पडली आणि १० नोव्हेंबरला छावणी बंद झाली. त्या ६३ जणांना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये माफ केलं. स्वतःच्या समाजात मात्र सैन्यात गेलेले आणि नकार दिलेले यांच्यातला अबोला पुढे अनेक दशकं राहिला, आणि जपानी-अमेरिकन नागरिकांची सर्वांत मोठी संघटना जेएसीएल हिने नकार देणाऱ्यांची जाहीर माफी मागितली ती २००२ मध्ये. तोवर त्या पिढीतले अनेक जण हयात नव्हते.